सातव्या रेकॉर्डवरचा हात

काय नोकरी करता, असं कुणी विचारलं की मी सांगायची, "रेकॉर्डच्या कारखान्यात ऐकते." समोरचा माणूस जरा थांबायचा. पुढे काहीतरी येईल असं त्याला वाटायचं. पुढे काहीच नसायचं. मी ऐकायची आणि त्याचा मला पगार मिळायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा वडिलांनी सासरी "क्वालिटी कंट्रोलला आहे" असं सांगून वेळ मारून नेली होती. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "म्हणजे दिवसभर गाणी ऐकतेस आणि वर पैसे देतात?" मी हो म्हटलं. खरं तर मी गाणी ऐकत नव्हते, पण ते त्यांना कसं समजावायचं ते मला सुचलं नाही.

आमचा कारखाना अंधेरी पूर्वेला होता. काळा गरम गोळा दोन साच्यांत दाबला की रेकॉर्ड तयार व्हायची, एखादी पोळी लाटावी इतक्या वेळात. पण साचे झिजतात, गोळ्यात कचरा जातो, गार होताना तबकडी वाकते. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातल्या काही रेकॉर्ड काढून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायच्या. त्यासाठी आम्ही पाच-सहा बायका होतो. भिंतींना काथ्याचे जाड पडदे, खिडकी नाही, कानाला हेडफोन. आमची भाषा आमची होती. वाकलेली रेकॉर्ड म्हणजे पापड. मागून चरचर येत असली तर तळण. आणि दर फेऱ्याला त्याच जागी टक् असा आवाज आला तर पाल. "आज माझ्याकडे दोन पाली" असं जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना सांगायचो तेव्हा कँटीनमधला नवा माणूस ताटाखाली बघायचा.

आमच्यावर पेठेबाई म्हणून सुपरवायझर होत्या. नवीन असताना मी एकदा त्यांना जाऊन सांगितलं की अमुक रेकॉर्डवर बासरीवाला दुसऱ्या अंतऱ्यात चुकलाय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "वंदना, खोट प्लेटीत शोधायची, गाण्यात नाही. तो चुकला तर तो आणि त्याचा गुरू बघून घेतील. तू तुझी पाल शोध." हा नियम मी पुढे जन्मभर पाळला. त्याची किंमत अशी, की गाणं कानावर पडलं की माझं लक्ष गाण्याच्या मागे जातं. रेडिओ लागला की मी खरखर ऐकते. आमच्या ह्यांनी काही वर्षांनी घरात गाणी लावणंच सोडून दिलं. भांडण नाही झालं, पण एक दिवस लक्षात आलं की घर शांत असतं.

गमती होत्या तशा. घाटकोपरचे एक गृहस्थ भावगीतांची रेकॉर्ड घेऊन आले. म्हणाले, बाई गायला लागण्याआधीच तिचा आवाज येतो, फार लांबून, जणू ती दुसऱ्या खोलीत तेच गाणं म्हणते आहे. त्यांची बायको घाबरली होती. मी लावून बघितलं तर खरंच येत होता. रेकॉर्डवरच्या रेघा एकमेकींना फार चिकटून कापल्या गेल्या तर पुढच्या रेघेतला आवाज मागच्या रेघेत झिरपतो. मी त्यांना तसं समजावलं आणि बदलून देते म्हटलं. त्यांनी रेकॉर्ड परत पाकिटात घातली. मग म्हणाले, "नको, राहू दे. भूत नाही म्हणताय ना? मग मला आवडतं ते." आणि रेकॉर्ड छातीशी धरून निघून गेले. पुढच्या क्षणाचं गाणं आत्ताच हलकेच ऐकू येणं मलाही आवडायचं, पण तक्त्यावर ते खोट म्हणूनच लिहावं लागे.

मग कॅसेटी आल्या, नंतर त्याही गेल्या, कारखाना बंद झाला. मला वाटलं होतं, माझ्याबरोबरच ही नोकरी संपली. पण दोन-तीन वर्षांपूर्वी एका तरुण माणसाने रेकॉर्ड दाबायचं छोटं युनिट टाकलं. लोक पुन्हा रेकॉर्ड घ्यायला लागलेत म्हणे. त्याला जुन्या ऐकणाऱ्या बायका हव्या होत्या. बाकीच्या कुणी देवाघरी गेल्या होत्या, कुणी मुलांकडे परदेशी. मी इथेच, घाटकोपरला होते आणि कान शाबूत होते. त्याने मला एक चांगला रेकॉर्ड प्लेअर घरी आणून दिला, आणि मी सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा पाली शोधू लागले.

तिथे 'द लास्ट पॅडी' या बँडची पेटी आली. पेटी म्हणजे बॉक्स सेट. बँडला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांचं सगळं वाजवणं सात रेकॉर्डमध्ये, बरोबर जाड पुस्तक, फोटो. हे लोक प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवत. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. यात एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं असतं, रेकॉर्डची एक अख्खी बाजू भरून. गाणारा मध्येच कुठेतरी दोन ओळी म्हणतो आणि परत नाहीसा होतो. आपल्या बड्या ख्यालासारखं, घाई नाही. फक्त ख्यालात घर एकच असतं, इथे माणूस या घरातून त्या घरात चालत जातो आणि शेवटी बघतो तर पहिल्याच अंगणात उभा.

बँड चौघांचा. ड्रमवाला आता हयात नाही आणि बासवाला कुठे असतो ते कुणाला माहीत नाही. राहिले दोघं. पार्ल्याचा गिटारवाला विवेक, जो या सगळ्या पेटीचं काम बघत होता आणि त्याबद्दल मला फोन करायचा, आणि मरोळ गावठाणातला आग्नेलो, ज्याने ऑर्गन वाजवला आणि बहुतेक सगळं रचलं. बँडचं नावही त्याचंच. मरोळला त्यांची भातशेती होती, ती हळूहळू गेली, शेवटचा तुकडा गेला त्या वर्षी यांनी बँड काढला.

आमच्याकडे पद्धत अशी की मोठा माल काढण्याआधी पांढऱ्या लेबलच्या नमुन्याच्या रेकॉर्ड काढायच्या आणि त्या कलाकारांना पाठवायच्या. त्यांनी ऐकून होकार दिला की मशीन सुरू. दोघांनाही नमुने गेले. आणि मग मला आग्नेलोच्या बायकोचा, हिल्डाचा फोन आला. युनिटमधून नंबर घेतला होता.

"तू घाटकोपरला राहतेस ना? मेट्रोने मरोळला येशील का गं? त्याच्याबरोबर बसून ऐकायचंय. विवेकला सांगू नको."

मी गेले. गावठाणातलं जुनं घर, पुढे पडवी, दाराशी क्रूस, आजूबाजूला काचेच्या उंच इमारती. आत पडदे ओढलेले आणि आग्नेलो आरामखुर्चीत. उंच, हडकुळा, दोन्ही कानांत मशीन. हिल्डाने मला त्याच्या अगदी समोर बसवलं. "तोंड बघून बोल. तोंड दिसलं की त्याला कळतं."

तो म्हणाला, "बघ, मना बोललेलं समजतं. पण गाणं नाय समजत. मशीन लावून गाणं ऐकलं तर पत्र्याच्या डब्यात खडे. काढून ऐकलं तर भिंतीपलीकडे कोणतरी जातं फिरवतंय." मरोळची जुनी ख्रिस्ती मराठी, शांतपणे बोललेली. "आणि मना ह्या सात रेकॉर्ड पास करायच्या हायेत."

"विवेकसरांना सांगा ना. ते समजून घेतील, सर."

"सर नको म्हणू. समजून घेईल म्हणूनच नाय सांगायचं. मग तो मना सांभाळून घ्यायला लागेल. पन्नास वर्षं आम्ही भांडलोय. आता तो माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला तर मी काय करू?"

हिल्डा चहा ठेवता ठेवता म्हणाली, "पेटी, पेटी करतात दोघं. आमच्यात पेटी म्हटलं की मला एकच आठवते, मातीत उतरवायची."

पहिली रेकॉर्ड लावली. मी सवयीने डोळे मिटून ऐकलं, बाजू संपल्यावर सांगितलं की पाल नाही, तळण नाही, पापड नाही. शब्दांचे अर्थ समजावल्यावर तो हसला. मग म्हणाला, "हे झालं. आता काय ऐकलंस ते सांग."

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तुला काय ऐकू आलं. काय चुकलं हे विचारणारे पुष्कळ भेटले. मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि अडखळत बोलायला लागले. "कुणीतरी जड माणूस जिना उतरतोय. हळूहळू. खाली पाणी आहे. त्याला माहीत आहे की पाणी आहे, तरी तो उतरतोय."

"तो मी," आग्नेलो म्हणाला. "डावा हात. बोल पुढे."

तशा दुपारी चालू झाल्या. एक दिवसाआड मी मेट्रोने जायची. पडद्यातून येणारं ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढायचं, बाहेर कुणाच्या तरी कोंबड्या, प्लेअरवर रेकॉर्ड फिरतेय आणि मी बोलतेय. कधीकधी मी काय बोलतेय ते मलाच उमगायचं नाही. "आता सगळे थांबले. फक्त एक सूर आहे, लांब, धुक्यातल्या दिव्यासारखा. आता तो दिवा कुणीतरी उचलला." तो डोळे माझ्या ओठांवर लावून बसायचा आणि मान हलवायचा. मध्येच एखाद्या जागी म्हणायचा, "आता गिटार येईल, बघ, बाजूच्या गल्लीतून," आणि तशीच यायची. त्या खोलीत वेळ कसा जायचा ते कळत नसे. परतताना मेट्रो उंचावरून साकीनाक्यावरून जायची, खाली पत्रे आणि टाक्या आणि सुकत घातलेले कपडे, आणि मला ते सगळं त्या गाण्यातल्यासारखंच हळू सरकताना दिसायचं. स्टेशन चुकून मी दोनदा हसं करून घेतलं.

सहा रेकॉर्ड झाल्या. आता मला त्याचा हात ओळखू यायला लागला होता. तो ऑर्गनच्या सुरावर पाय ओले असल्यासारखा चालायचा. उचलताना जरा चिकटायचा.

सातव्या रेकॉर्डवर कधी बाहेर न आलेलं एक वाजवणं होतं. नाव 'आवणी', भाताची रोपं लावतात ती. चर्चच्या हॉलमध्ये त्या काळी टेप करून ठेवलेलं. त्यात शेवटी एकटा ऑर्गन आहे. आग्नेलोने आधीच सांगून ठेवलं होतं, "ती चाल माझ्या आईची. शेतात वाकून रोपं लावताना गुणगुणायची. शब्द नव्हते तिला. ती नीट आली की नाय तेवढं बघ."

सुई त्या जागी आली आणि माझे शब्द थांबले. पाल नव्हती, तळण नव्हतं. रेकॉर्ड निर्दोष होती. पण तो हात आग्नेलोचा नव्हता.

"काय?" तो म्हणाला.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं. "उद्या परत एकदा ऐकते."

घरी आल्यावर मी विवेकला फोन केला, युनिटकडून चौकशी करतेय असं भासवून. सातव्या रेकॉर्डचा शेवट वेगळा वाटतो, म्हटलं. पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"वंदनाताई, त्या टेपला बुरशी लागली होती. बाकी सगळं वाचलं, शेवटचा ऑर्गन गेला. मधे मधे नुसती भोकं. हिल्डा सांगते, आग्नेलोचे हात आता थरथरतात, त्याला परत वाजव म्हणून कसं सांगू? मग मीच वाजवला. महिनाभर बसून, त्याच्यासारखा." आणि लगेच, "त्यानं ऐकली का सातवी? काही म्हणाला?"

"ऐकली."

"आणि ओळखलं नाही?"

मी काही बोलले नाही. त्याने त्याचा अर्थ लावला. त्याचा आवाज एकदम हलका झाला, एखाद्या मुलाला शाबासकी मिळाल्यासारखा. "ओळखलं नाही म्हणजे जमलं. त्याच्या कानाला फसवणं सोपं नाही हो. प्लीज, त्याला सांगू नका."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहिले. एकाचं गुपित दुसऱ्याला सांगायचं नव्हतं, दुसऱ्याचं पहिल्याला. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुला विचारलंय रेकॉर्ड बरी आहे का. बरी आहे. मग सही करायला लाव आणि सुट." पेठेबाईही हेच म्हणाल्या असत्या. खोट प्लेटीत नव्हती. पण आग्नेलोने मला प्लेटीबद्दल विचारलंच नव्हतं. त्याने आईची चाल आली का, ते विचारलं होतं. त्याला माझ्याशिवाय दुसरा कान नव्हता. मी आता खोटं बोलले, तर आधीच्या सहा रेकॉर्डवर मी त्याला जे जे सांगितलं तेही खोटं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी गेले. होकाराचा कागद हिल्डाने काढून ठेवला होता. मी आग्नेलोच्या समोर बसले आणि सावकाश, तोंड नीट दिसेल असं बोलले. "शेवटचा ऑर्गन तुमचा नाही. टेप खराब झाली होती. विवेकसरांनी वाजवलाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू ओठ वाचण्यात आपलीच चूक झाली असावी. मी पुन्हा सांगितलं. तो उठला आणि पडवीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

हिल्डा माझ्यावर चिडली. हळू बोलायची गरज नव्हती तरी हळूच बोलली. "कशाला सांगितलंस? तो खुश होता. किती दिवसांनी खुश होता. तुला काय मिळालं?"

पिशवी घेऊन निघावं असं वाटलं. बाहेर आग्नेलो समोरच्या काचेच्या इमारतीकडे बघत होता. कोंबड्या त्याच्या पायांभोवती फिरत होत्या. किती वेळ गेला ते आठवत नाही. मग तो आत आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "लाव. कसा वाजवलाय सांग."

मी सुई ठेवली. "जपून वाजवलाय. तुम्ही चिखलातून चालता, ते बांधावरून चालतायत. पाय घसरू नये म्हणून. पण चाल तीच आहे. जिथे ती वर जायला बघते आणि जात नाही, तिथे ते थांबतात. खूप वेळ थांबतात. कुणीतरी झोपलंय आणि त्याची झोप मोडायची नाही, असं."

"वर जायला बघते आणि जात नाय," आग्नेलो म्हणाला. "ते त्याने घेतलंय?"

"घेतलंय."

त्याने डोळे मिटले. मिटले म्हणजे मग त्याला माझं काहीच कळणार नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. बाजू संपली. त्याने हिल्डाला फोन लावायला सांगितला आणि स्वतःच कानाशी धरला. आता हा चिडणार, असं मला वाटलं.

"विव्या," तो म्हणाला, "तू बोललेलं मना कळायचं नाय, म्हणून मीच बोलतो. मना ऐकू येत नाय. दोन वर्षं झाली. ये इकडे."

विवेक रिक्षाने आला तेव्हा चपला काढायचंही विसरला. पांढरे केस मागे बांधलेले, शर्ट उलटा. दारातच उभा राहून त्याने आग्नेलोकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"मग सहा रेकॉर्ड पास कुणी केल्या?"

आग्नेलोने माझ्याकडे बोट केलं.

विवेक खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो मोठ्याने बोलायला लागला, भिंत हलेल असा. "दोन वर्षं? आणि मी फोन केला की लाइन खराब आहे सांगायची ही? मूर्ख समजतोस मला?" मग एकदम आवाज खाली आला. "मी सातवी काढून टाकतो. सॉरी यार. मी विचारायला हवं होतं."

"तोंड वर करून बोल," आग्नेलो म्हणाला. "आणि काढायची नाय. एक सांग. ती चाल मी तुला कधी शिकवली नव्हती. टेपला भोकं पडलेली. मग तू ती पुरी कशी वाजवली?"

विवेकने नाक पुसलं. "तुझी आई ह्याच दारात बसून तांदूळ निवडायची. रिहर्सल संपली तरी तिचं गुणगुणणं चालूच. आम्ही काय भिंतीकडे बघत होतो काय रे? मला पाठ आहे ती. तुझ्याकडून नाही, तिच्याकडून."

आग्नेलोला पहिल्यांदा कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ते वाक्य जसंच्या तसं, सावकाश, पुन्हा म्हटलं. मग तो विवेककडे वळला आणि म्हणाला, "म्हणजे ती रेकॉर्ड तिचीच झाली. माझी नाय, तुझी नाय." आणि हिल्डाने पुढे केलेल्या कागदावर त्याने सही केली.

पुस्तक तोवर छापून झालं होतं, त्यात शेवटचा ऑर्गन आग्नेलोच्याच नावावर होता. म्हणून पेटीत एक छोटी चिठ्ठी घातली, की तो विवेकने वाजवला आहे, आग्नेलोच्या आईकडून ऐकून. त्याच चिठ्ठीत खाली माझे आभार मानलेत, फक्त नाव 'बंदना' असं छापलंय. छापखान्यातही कुणी तपासणारं ठेवायला हवं. विवेक आता दर रविवारी मरोळला जातो. हिल्डा सांगते की दोघं ओरडून भांडतात, आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली आहे.

माझ्या वाट्याला एक पेटी आली. ती बरेच दिवस तशीच कपाटावर होती. गेल्या महिन्यात एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी सातवी रेकॉर्ड काढली, लावली आणि खुर्चीत बसले. खिडकीतून वारा येत होता. इथेही तोच जड माणूस जिना उतरला, गिटार गल्लीतून आली, मग शेतात कुणीतरी वाकून रोपं लावू लागलं, आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा रेकॉर्ड शेवटच्या रेघेत नुसतीच फिरत होती आणि ऊन भिंतीवर गेलं होतं. त्या बाजूला कुठे खोट होती की नव्हती, मला विचाराल तर सांगता येणार नाही.